तळघराच्या भिंतीला खिडकी

मुलगा-सून न्यू जर्सीत एडिसनला किंवा कॅनडात मिसिसागाला स्थायिक झालेली, आणि उन्हाळा लागला की पुण्याहून, नागपूरहून आई-बाबा पाच-सहा महिन्यांसाठी येणार. वरच्या खोल्या नातवंडांच्या, म्हणून त्यांची सोय बेसमेंटमध्ये केली जाते. गालिचा, पलंग, टीव्ही, शेजारी छोटं न्हाणीघर. खोली छान असते, उन्हाळ्यात थंडगारही असते. फक्त तिला खिडकी नसते, किंवा असलीच तर छताला टेकलेली, हात उंच केला तरच पोचेल अशी अरुंद फट असते. दिवसा ही उणीव उजेडाची वाटते. रात्री घराला आग लागली तर तीच जिवावर बेतू शकते, आणि म्हणूनच तिथले बांधकामाचे नियम तळघरातल्या झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल एवढी खिडकी मागतात. ती नसेल तर काँक्रीटची भिंत कापून करावी लागते. या कामात भिंतीचं, मातीचं आणि पाण्याचं नेमकं काय होतं, हे तिथे घर घेतलेल्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. करवत चालवणारा अर्ध्या दिवसात काम उरकून निघून जातो. भिंतीला मात्र पुढची पन्नास वर्षं घर तोलायचं असतं.

या घरांना तळघर मुळात का असतं? थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. मातीतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. शिवाय गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून आणखी पाणी ओढून घेतो आणि बर्फाचे पापुद्रे एकावर एक साठत जातात. त्यांच्या रेट्यानं वरचा पाया उचलला जातो आणि वसंतात बर्फ वितळला की पुन्हा खाली बसतो. अशी वरखाली चार-दोन वर्षं झाली तर कुठलीही भिंत तडकेल. म्हणून पाया जिथवर जमीन गोठते त्याच्याही खाली न्यावा लागतो. शिकागोत ही खोली ४२ इंच धरतात, टोरांटोत १.२ मीटर. एवढं खणायचंच आहे तर आणखी चार फूट खणून अख्खा मजला पदरात पाडून घ्यावा, हा त्यामागचा साधा हिशेब. त्या खड्ड्यात साधारण ८ इंच जाडीच्या काँक्रीटच्या भिंती ओततात आणि त्यांच्या माथ्यावर लाकडाचं घर उभं करतात. जुन्या घरांत ओतीव काँक्रीटच्या जागी पोकळ ब्लॉक असतात, आणखी जुन्या घरांत दगड.

आपल्याकडून गेलेला माणूस या भिंतीला ओळखण्यात चुकतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या शहरांतल्या नेहमीच्या आरसीसी इमारतीत भार वाहतात कॉलम आणि बीम. मधली विटांची भिंत फक्त जागा भरून काढते. ती फोडून दार काढलं, एसीसाठी भोक पाडलं, तरी इमारत हलत नाही, आणि याची आपल्याला सवय झालेली असते. तळघराच्या भिंतीत वेगळा कॉलम नसतो. ती भिंतच कॉलम, तीच पाया आणि तीच मातीला अडवणारा बांध. (आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ज्यांना सगळे ‘मिवान’च्या इमारती म्हणतात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती एकसंध काँक्रीटच्या ओतलेल्या, त्यांनाही हेच लागू आहे. तिथे इंजिनिअरला न विचारता भिंतीत नवं दार काढणं म्हणजे कॉलम कापण्यासारखंच आहे.)

या भिंतीवर दोन दिशांनी भार येतो. एक वरून खाली. मजल्याच्या लाकडी तुळया भिंतीच्या माथ्यावर टेकलेल्या असतात, आणि वरच्या दोन मजल्यांचं, छपराचं, छपरावरच्या बर्फाचं वजन त्यांच्यामार्फत भिंतीत उतरतं. काँक्रीटला दाब सोसतो, त्यामुळे हा भार त्याला फारसा जड जात नाही. दुसरा भार आडवा, बाहेरच्या मातीचा, आणि घरमालकाच्या ध्यानात न येणारा तो हाच. निचऱ्याची चांगली, वाळूमिश्रित माती असेल तर खोलीच्या दर फुटाला दर चौरस फुटावर ३० पौंड दाब वाढतो असं अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत धरलं आहे. चिकण मातीला हाच आकडा ६० पर्यंत जातो. भिंतीबाहेर ७ फूट माती असेल तर चांगल्या मातीतसुद्धा भिंतीच्या प्रत्येक फूट लांबीवर एकूण ७३५ पौंड, म्हणजे ३३० किलोच्या वर रेटा बसतो. चाळीस फूट लांबीच्या भिंतीला सुमारे १३ टन रात्रंदिवस आत ढकलत असतात. या रेट्यापुढे भिंत उभी राहते, कारण खाली तिला तळघराच्या फरशीचा आणि वर मजल्याच्या तुळयांचा टेका असतो. मधल्या भागात ती आतल्या बाजूला किंचित वाकते, आतला पृष्ठभाग ताणला जातो. काँक्रीट ताणाला कच्चं असतं. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या सुमारे एक दशांशच. सळई घालतात ती यासाठीच. आणि तळघराच्या जुन्या भिंतींत सळया अगदी तुरळक असतात, पुष्कळदा नसतातच.

आता या भिंतीत चार फूट रुंद भोक पाडायचं. वरून येणारा भार भोकात तर उतरू शकत नाही. ओढ्यातलं पाणी मधल्या दगडाला वळसा घालून पुढे जातं, तसा तो भोकाच्या दोन्ही बाजूंनी वळून खाली जातो आणि वळताना कोपऱ्यांपाशी त्याची दाटी होते. ही दाटी किती, हे जर्मन अभियंता एर्न्स्ट किर्श यानं १८९८ मध्ये गणितानं काढून दाखवलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण येतो, भोक लहान असो वा मोठं. पुढे १९१३ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यानं दाखवलं की कोपरा जितका टोकदार, तितका तिथला ताण जास्त, आणि अतिशय टोकदार कोपऱ्याला तर त्याला मर्यादाच उरत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघणाऱ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आपल्याकडच्या गिलाव्यावरही. त्यांचं मूळ इथे आहे. नव्या बांधकामात कोपऱ्यांपाशी तिरक्या सळया घालून ही भेग अडवता येते. आधीच ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीत सळई आता घालता येत नाही. म्हणून कापणाऱ्याच्या हातात एकच उपाय उरतो, कोपरा टोकदार ठेवायचा नाही.

हा उपाय समजायला करवत कशी चालते ते पाहावं लागेल. काँक्रीट कापणारं पातं गोल असतं आणि त्याला दात नसतात. त्याच्या कडेवर धातूच्या भुकटीत बारीक हिरे मिसळून केलेले तुकडे डाखलेले असतात. हिरे काँक्रीट चिरत नाहीत, ते त्याला घासून घासून खातात. घासता घासता हिरे बोथट होतात, पण तोवर त्यांना धरून ठेवणारा धातूही झिजतो, बोथट हिरा गळून पडतो आणि मागचा ताजा हिरा उघडा पडतो. इथे एक उलटी गोष्ट आहे. काँक्रीटमधली खडी जितकी कठीण, तितका पात्याचा धातू मऊ लागतो, म्हणजे तो लवकर झिजून नवे हिरे पुढे येतात. मऊ आणि वाळूसारख्या खरखरीत काँक्रीटला कठीण धातू लागतो, नाही तर पातं तासाभरात संपतं. अशी पाती सर्रास वापरात आली ती कृत्रिम हिऱ्यांमुळे. जनरल इलेक्ट्रिकच्या न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये हे हिरे तयार झाले आणि १९५५ च्या फेब्रुवारीत जगाला कळले. त्याआधी अशा भिंतीला भोक पाडायचं म्हणजे बहुधा छिन्नी-हातोडा किंवा हवेवर चालणारा ब्रेकर. त्याचे हादरे सगळ्या भिंतीत जात आणि भोकाच्या कडा फुटत.

पातं गोल असल्यानं ते कोपऱ्यात नीट बसत नाही. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काप कोपऱ्यापर्यंत पोचतो तेव्हा आतल्या अंगाला तो काही इंच मागेच असतो. तिथवर नेण्यासाठी पातं रेषेच्या पुढे दामटलं की भोकाच्या बाहेर, शाबूत राहायला हव्या त्या भिंतीत एक खाच पडते. दिसायला ती अगदी किरकोळ, पण ती नेमकी त्या जागी पडते जिथे ताण आधीच सगळ्यात जास्त आहे, आणि टोकही तीक्ष्ण. वरच्या कोपऱ्यातली अशी खाच म्हणजे आपल्या हातानं काढलेली भेगेची सुरुवात. चांगला कारागीर म्हणून आधी चारही कोपऱ्यांत कोअर ड्रिलनं आरपार गोल भोकं पाडतो आणि काप त्या भोकांत आणून थांबवतो. गोल कोपऱ्यात ताण कमी साठतो, शिवाय आरपार भोकांमुळे आतल्या आणि बाहेरच्या रेषा एकमेकींशी अचूक जुळतात. हे जुळणं महत्त्वाचं. हातात धरायच्या करवतीचं १४ इंची पातं जेमतेम ५ इंच खोल जातं, त्यामुळे ८ इंचाची भिंत दोन्ही बाजूंनी कापावी लागते. भिंतीवर रूळ बसवून त्यावर चालणारी मोठी करवत आणली तर एकाच बाजूनं काम होतं आणि काप सरळ येतो. कोटेशन मागताना ‘कोपऱ्यांचं काय करणार’ हा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळतं.

कापण्याआधी जागा निवडायची असते, आणि माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. घराच्या चार भिंतींपैकी साधारणपणे दोनच भिंतींवर मजल्याच्या तुळया टेकतात. उरलेल्या दोन भिंती तुळयांना समांतर असतात, त्यांच्यावर मजल्याचं वजन फार कमी येतं. शक्य असेल तर खिडकी या समांतर भिंतीत घ्यावी. तिथेही घाई नको. मधला मोठा बीम ज्या खाचेत बसतो तिच्या खाली किंवा जवळ भोक चालत नाही, वरच्या मजल्यावरच्या रुंद दारा-खिडकीच्या बाजूच्या खांबांखाली चालत नाही, भिंतीच्या कोपऱ्याला अगदी खेटूनही चालत नाही. आणि समांतर भिंतीलाही मातीचा रेटा असतोच, उलट तिच्या माथ्याला तुळयांचा टेका कमकुवत असतो. तुळया टेकलेल्या भिंतीतच खिडकी हवी असेल, तर कापण्याआधी भिंतीपासून दोन-तीन फूट आत लाकडाची तात्पुरती भिंत किंवा लोखंडी जॅक उभे करून तुळयांना टेकू द्यावा लागतो. मग भोकाच्या वर भार पेलणारा लिंटेल.

हा लिंटेल काँक्रीटचाच का ठेवत नाहीत, हे मोजमापातून कळतं. अमेरिकेच्या संहितेप्रमाणे खिडकीचा खालचा काठ फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच असता कामा नये. तळघराची उंची ९० इंच धरली तर वर उरतात ४६ इंच, आणि त्यातच खिडकीही बसवायची. त्यामुळे काप बहुधा थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत जातो, वर काँक्रीट उरतच नाही, आणि भार पेलायला लाकडाची जोडतुळई किंवा पोलादी अँगल बसवावा लागतो. ब्लॉकच्या भिंतीत तर पोलादी लिंटेल हवाच, नाही तर वरचे ब्लॉक एकेक करून खाली येतात. भोकाच्या दोन्ही बाजूंच्या ब्लॉकांच्या पोकळ्याही सळई घालून काँक्रीटनं भरून घेतात, कारण आता त्यांना शेजाऱ्याचा भार उचलायचा असतो.

खिडकी केवढी हवी? संहिता सांगते की उघडल्यावर मोकळी जागा किमान २० इंच रुंद, किमान २४ इंच उंच आणि एकूण ५.७ चौरस फूट हवी. जमिनीच्या पातळीलगतच्या खिडकीला ५ चौरस फुटांची सवलत आहे. इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. २० गुणिले २४ इंच केलं तर ३.३ चौरस फूटच होतात. दोन्ही किमान मापं एकदम घेतली तर खिडकी नापास. २० इंच रुंदी ठेवली तर उंची ४१ इंच लागते, २४ इंच उंची ठेवली तर रुंदी ३४ इंचांहून थोडी जास्त. ही मापं फक्त आतल्या माणसासाठी नाहीत. पाठीवर हवेचं नळकांडं बांधलेला अग्निशमन जवान त्यातून आत येऊ शकला पाहिजे. मोजायची असते ती मोकळी जागा, काचेचं माप नव्हे. बाजूला सरकणारी खिडकी अर्धीच उघडते, म्हणून तिच्यासाठी भिंतीत जवळपास दुप्पट रुंद भोक लागतं. दारासारखी बिजागरीवर उघडणारी खिडकी घेतली तर भोक लहान राहतं आणि भिंतीची ताकद तेवढी वाचते. मी अशाच खिडकीच्या बाजूचा आहे. कॅनडाचा नियम मापाला सौम्य आहे, झोपायच्या खोलीला ०.३५ चौरस मीटर मोकळी जागा आणि कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. पण किमान माप गाठलं म्हणजे सत्तरीतल्या माणसाला त्यातून निघता येईल असं नाही. मोठी खिडकी बसवता येत असेल तर बसवावी.

आगीच्या वेळेबद्दल एक आकडा मनात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेनं दोन सारख्या खोल्या सजवून पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या लाकडी, सुती, लोकरी सामानाच्या खोलीनं सर्वत्र पेट घ्यायला २९ मिनिटांहून जास्त वेळ लागला. आजच्या फोम आणि प्लास्टिकच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत पेटली. तळघराला बहुधा एकच जिना असतो. वर आग लागली तर तो बंद होतो. आग तळघरातच लागली तर सगळा धूर त्याच जिन्यानं वर जातो आणि वर जाणाऱ्या माणसाला त्यातूनच वाट काढावी लागते.

प्रत्यक्ष कापण्याच्या दिवसाआधी खणणं येतं. भिंतीबाहेरची माती खिडकीच्या तळाच्याही खाली फूट-दीड फूट काढावी लागते. अमेरिकेत ८११ या क्रमांकावर आधी फोन करणं बंधनकारक आहे. ही सेवा देशभर २००७ पासून चालू आहे आणि फुकट आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगानं खुणा करून जातात. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, नारिंगी टेलिफोन-केबलचा, हिरवा सांडपाण्याचा. खड्डा पाच फूट किंवा अधिक खोल झाला तर बाजूच्या मातीला आधार दिल्याशिवाय कामगारानं आत उतरू नये, हा तिथल्या कामगार सुरक्षेचा नियम आहे. कोसळणारी माती छातीवर बसली की श्वास घेता येत नाही, मग डोकं बाहेर असलं तरी.

कापलेल्या तुकड्याचं वजन ऐकून अनेकजण चकित होतात. चार फूट गुणिले चार फूट, जाडी ८ इंच, म्हणजे १०.७ घनफूट काँक्रीट. एका घनफुटाला १५० पौंड धरले तर १६०० पौंड, सव्वासातशे किलोच्या आसपास. एवढा ठोकळा एकसंध सुटून आत पडला तर फरशी फोडेल, आणि खाली कोणाचा पाय असेल तर विचारायलाच नको. म्हणून भोकाच्या आत आणखी उभे-आडवे काप घेऊन लहान तुकडे करतात, फटीत पोलादी पाचरी ठोकून तुकडे जागेवर धरतात आणि एकेक करून बाहेर काढतात. पाचर नसेल तर वरचा तुकडा किंचित खाली बसतो आणि पातं फटीत चिमटलं जातं. हातातली करवत अशा वेळी माणसाच्या अंगावर उसळते.

धुळीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती दिसते त्याहून घातक असते. काँक्रीटमधली वाळू आणि पुष्कळशी खडी क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकी सिलिकाची असते. त्याचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि तिथे हळूहळू व्रण धरत जातात. हा सिलिकोसिस. त्याला बरं करणारं औषध नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं २०१६ मध्ये नियम करून आठ तासांच्या पाळीत हवेच्या दर घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा घातली. एवढी धूळ डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून पात्यावर सतत पाणी सोडत कापायचं. त्यानं धुळीचा चिखल होऊन ती खाली बसते आणि पातंही थंड राहतं. घरमालकाला पाण्याचा राडा नको असतो आणि तो ‘कोरडंच कापा’ म्हणतो. तसं म्हणू नये. चिखल पुसता येतो.

दुसरा धोका त्याच यंत्राचा, आणि तो काही मिनिटांत जीव घेतो. हातातल्या बऱ्याच करवती पेट्रोलवर चालतात. बंद तळघरात त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला चक्कर येते, पाय उचलत नाही आणि बाहेर पडायचं भान उरत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवून किंवा पंखा लावून हा धोका टळेलच असं नाही, असं अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेनं १९९६ मध्येच बजावलं आहे. आतून कापायचं असेल तर विजेवर किंवा हायड्रॉलिक दाबावर चालणारी करवतच हवी. इंटरनेटवर व्हिडिओ पाहून, दुकानातून पेट्रोलची करवत भाड्यानं आणून शनिवार-रविवारी हे काम करू पाहणाऱ्या कुणालाही मी हात जोडून सांगेन, करू नका.

भोक तयार झालं की कापलेल्या सळयांची टोकं मसाल्यानं झाकतात, नाही तर त्या गंजून फुगतात आणि कडेचं काँक्रीट उडवतात. खालची कडा बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवतात. मग वाळवी-ओल न लागणाऱ्या, औषध मुरवलेल्या लाकडाची किंवा पीव्हीसीची चौकट, तिच्याभोवती सीलंट, आणि खिडकी. हा भाग सोपा.

अवघड भाग म्हणजे पाणी. जमिनीखाली खिडकी काढली म्हणजे तिच्यापुढे मातीत एक मोकळा खड्डा राहतो, तिकडे त्याला विंडो वेल म्हणतात. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं अर्धगोल कवच मातीला थोपवून धरतं. या खड्ड्याचं क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट, लांबी-रुंदी किमान ३६ इंच, आणि तो ४४ इंचांहून खोल असेल तर कायमची बसवलेली शिडी किंवा पायऱ्या हव्यात. झाकण असेल तर ते आतून, किल्लीशिवाय आणि हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. पण पावसाच्या दृष्टीनं हा खड्डा म्हणजे थेट काचेपर्यंत नेणारी वाट. छपराची पन्हळ त्याच्या जवळ रिकामी होत असेल, अंगणाचा उतार घराकडे असेल, तर तो हां हां म्हणता भरतो. तीन फूट रुंद खिडकीवर तीन फूट पाणी चढलं तर काचेवर ३८० किलोंच्या आसपास रेटा येतो. घरातली काच त्यासाठी केलेली नसते. आणि बाहेर उघडणारी खिडकी असेल तर पाण्याविरुद्ध ती उघडणारही नाही.

उपाय खड्ड्याच्या तळाशी आहे. धुतलेली खडी, आणि तिच्यातून उभी पाइप खाली पायाभोवतीच्या सच्छिद्र निचरा-नळीपर्यंत, किंवा पंप बसवलेल्या कुंडीपर्यंत. नुसती खडी घालून भागत नाही. खडीच्या खालची चिकण माती पाणी शोषत नसेल तर खडीचा थर म्हणजे फक्त दगडांनी भरलेली टाकी. घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतरती हवी, हाही संहितेतलाच नियम. कंत्राटदार निचऱ्याची नळी पायाच्या नळीला जोडण्याबद्दल मोघम बोलत असेल तर कामाला हो म्हणू नये.

पाणी काय करू शकतं ते न्यूयॉर्कनं १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री पाहिलं. आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पाडला. शहरात १३ माणसं गेली, त्यांतली ११ तळघरांतल्या घरांत. त्या रात्रीपासून हे सगळ्यांसमोर उघड आहे की तळघरातल्या खोलीला आग आणि पूर या दोन्हींचा विचार लागतो. आगीच्या वेळी खिडकी सुटकेची वाट असते, पुरात तीच पाणी आत यायची वाट होऊ शकते. सखल, पाणी भरणाऱ्या वस्तीत घर असेल तर कितीही चांगली खिडकी बसवली तरी तळघरात झोपायची खोली करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयस्क माणसांसाठी आणखी एक गोष्ट. नियमात बसणारी शिडी लोखंडी कांब्यांची असते, दोन कांब्यांत दीड फुटापर्यंत अंतर चालतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना ती चढता येईल का, हे आगीच्या रात्री कळून उपयोग नाही. जागा असेल तर खड्डा लांब करून त्याला लाकडाच्या किंवा दगडाच्या रुंद टप्प्यांच्या पायऱ्या कराव्यात. टप्प्यांवर मातीत फुलझाडं लावता येतात, आणि खोलीत ऊनही जास्त खोलवर येतं. खर्च वाढतो, पण या कामात वाचवायची जागा ही नव्हे. खिडकीखाली आतल्या बाजूला एक भक्कम बाक कायम ठेवावा. ४४ इंच म्हणजे माणसाच्या छातीच्या आसपासची उंची, आणि ती चढायला पाय ठेवायला काहीतरी लागतं.

हे सगळं काम करायला नगरपालिकेचं परमिट लागतं आणि पुष्कळ ठिकाणी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सही केलेलं रेखाचित्रही. परमिट टाळून स्वस्तात करून देतो म्हणणारे भेटतात. इंजिनिअरची फी एकूण खर्चाच्या मानानं थोडी असते आणि भिंतीत सळई आहे का, भार कुठून उतरतो, लिंटेल केवढा, याचं उत्तर तोच देऊ शकतो. निरीक्षक शेवटी येऊन टेपनं खिडकीची मोकळी जागा मोजतो, शिडी पाहतो, निचरा पाहतो. त्याच्या येण्याआधी खड्डा बुजवू नका, आणि निचऱ्याच्या नळीची जोडणी दिसते तोवर तिचे फोटो काढून ठेवा. इंजिनिअरचं रेखाचित्र, परमिट, निरीक्षकाचा मंजुरीचा कागद आणि हे फोटो घराच्या कागदपत्रांत एकत्र जपून ठेवा. घर विकताना घेणारा ते मागेल, आणि उद्या त्या भिंतीला भेग गेलीच तर पुढच्या इंजिनिअरला सुरुवात करायला हेच कागद लागतील.